हर्षालीचे हात

"हात पुढे करा मावशी. कोपराच्या वरपर्यंत," मेकअपवाला म्हणाला. "आणि पदर खोचून घ्या. हा रंग कपड्याला लागला की लवकर निघत नाही."

हॉटेलच्या मागच्या पडवीत, तेलाच्या डब्यांशेजारी, मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात त्याच्या पुढ्यात ठेवले. त्याचं नाव नंदू. पोट सुटलेला, बोलका माणूस. माझे हात बघून त्याने तोंड वाकडं केलं नाही, एवढ्यावरच तो मला आवडला.

माझ्या हातांवर कोड आहे. लेक शाळेत होती तेव्हा बोटाच्या पेरावर पहिला ठिपका आला. मग तो मनगट, कोपर असा चढत गेला आणि पुढे ओठांच्या कडेलाही आला. कोड कुणाला लागत नाही, डॉक्टरांनीच सांगितलं आहे, पण ते ऐकायला लोक कशाला थांबतील? माझे मालक वारले तेव्हा दिरांनी याच हातांचं निमित्त करून आम्हा मायलेकींना वेगळं काढलं. सावदा-रावेर रस्त्याला, केळीच्या बागांमध्ये, मालकांनी काढलेलं पत्र्याचं हॉटेल तेवढं माझ्याकडे राहिलं. मी आत रांधायची. वाढायला एक माणूस होता. मधल्या दाराला जाड पडदा लावलेला असायचा. ट्रकवाले आणि केळीचे व्यापारी शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी खाऊन जायचे, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर खापरावरचे मांडे.

त्या मांड्यांसाठीच टीव्हीवाले मुंबईहून आले होते. 'एक घास गावाकडे' नावाचा कार्यक्रम. त्यातला ओजस देवस्थळी गावोगावच्या हॉटेलांत जायचा, मांडी घालून बसायचा, बोटं चाटायचा आणि रांधणाऱ्या बाईच्या पाया पडायचा. मी एकही भाग चुकवलेला नव्हता. माझ्या लेकीने, हर्षालीने, त्यांना फोन करकरून बोलावलं होतं. ती नाशकाला हॉटेलचा कोर्स करून आली होती. काउंटरवर तीच बसायची, हिशेब, पाहुणे, सगळं तीच बघायची. वाढप्याला तिने त्या दिवशी सुट्टी दिली होती. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

"चेहरा हर्षाली मॅडमचा, हात तुमचे," नंदू स्पंजने माझ्या मनगटावर रंग थापत म्हणाला. "त्यांच्या हातांना मॅच करायचंय. सांगितलं ना तुम्हाला?"

"सांगितलं," मी म्हणाले. हर्षू रात्रीच म्हणाली होती, माई, तुझे हात कॅमेऱ्यात चांगले दिसणार नाहीत, ते रंगवतील, तू काही बोलू नकोस, टीव्हीचं असंच असतं. तिला मांडे येत नव्हते, मग दुसरं काय करणार? मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. उलट रंग चढत गेला तशी मी बघतच राहिले. किती वर्षांनी माझे हात एका रंगाचे झाले होते.

नंदूचं तोंड चालूच होतं. ताटातली वाफ खरी नसते, ओला कापूस गरम करून वाटीमागे लपवतात. भाजी चमकावी म्हणून वरून ब्रशने तेल लावतात. आज गिऱ्हाईक म्हणून बसवलेली पोरं फैजपूरच्या कॉलेजातून गोळा केलेली आहेत. "आणि 'अहाहा' म्हणतात ना सर, ते सहा-सात वेळा घ्यावं लागतं. एका 'अहाहा'त होत नाही."

एवढ्यात ओजस देवस्थळी पडवीत आला. टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा बारीक आणि गोरा. मी उठून उभी राहिले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याची नजर माझ्या डाव्या हातावर होती. उजवा रंगून झाला होता, डावा अजून तसाच होता.

"हे काय आहे?" त्याने नंदूला विचारलं.

"कोड आहे सर. कव्हर होतंय."

"ही बाई मळणार? आणि मी खाणार?" मग तो मागे वळून ओरडला, "ऋचा! इकडे ये. हा काय प्रकार आहे?"

ऋचा म्हणजे त्यांची दिग्दर्शक. केस आखूड कापलेली, गळ्यात शिट्टी अडकवलेली तरुण मुलगी. तिने माझे हात पाहिले, मग त्याच्याकडे पाहिलं आणि हसली.

"ओजस, तुला गिळायचं थोडंच आहे?"

तोही हसला. "तेही खरंय," म्हणाला आणि निघून गेला.

डाव्या हाताला रंग लावताना नंदू एकदम म्हणाला, "जिथे जाईल तिथे असाच असतो हा. मनावर घेऊ नका मावशी." मग त्याने माझ्या दोन्ही हातांत हर्षालीच्या हिरव्या बांगड्या चढवल्या. मी बरीच वर्षं हिरवी बांगडी घातली नव्हती. मालक गेल्यापासून नाही. तसं मी त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "हात मॅडमचे आहेत ना."

चूल अंगणात मांडली होती, उजेड चांगला म्हणून. खापर म्हणजे पालथं घातलेलं मातीचं मोठं भांडं. ते तापलं की त्यावर मांडा टाकायचा. मांड्याला पोळपाट नाही, लाटणं नाही. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झोकत न्यायचा, तो वाढत वाढत कोपरापर्यंत येतो, धोतरासारखा पातळ होतो. मनगटाची चूक झाली की फाटला.

कॅमेरा माझ्या हातांवर इतका जवळ आणला होता की मान वर केली तर डोकं आपटलं असतं. पहिला मांडा मी झोकला आणि थांबले. पांढऱ्या पिठावर गव्हाळ डाग उतरले होते.

"काय झालं?" ऋचा म्हणाली.

"रंग उतरतोय मॅडम. अन्नात जातोय. हे खाण्याजोगं नाही."

तिने छोट्या पडद्यात वाकून पाहिलं. "दिसत नाहीये. चालू द्या."

"पण पोटात..."

"मावशी, दिसत नाहीये म्हटलं ना. चालू द्या."

मी झोकत राहिले. एक फाटला, पुढचा फाटला. रंगाने हात निसरडे झाले होते. मग एक असा उतरला की उन्हात धरला तर पलीकडचं केळीचं पान दिसावं. तो मी खापरावर टाकला. "कट," ऋचा म्हणाली, आणि कुणीतरी मला दंडाला धरून बाजूला केलं. माझ्या जागी हर्षाली बसली. तसलीच साडी, तशाच बांगड्या. नंदूने तिच्या गालाला पीठ लावलं. तिने मांडा उलथला, कपाळावरचा घाम पुसला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. खरं सांगते, मला अभिमान वाटला. माझी लेक देखणी आहे.

ताट मांडलं. ओजस मांडी घालून बसला. रंग लागलेल्या त्या मांड्याचा तुकडा त्याने दुधात बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटून घेतले. "अहाहा," म्हणाला. "मित्रहो, या घासात एका आईचे हात आहेत." मला भरून आलं. मला वाटलं, माझंच बोलतोय.

"कट."

त्याने पायाशी ठेवलेली निळी बादली ओढली आणि घास त्यात थुंकला. पाण्याने चूळ भरली. "तेलकट माती," म्हणाला. "परत घ्यायचंय का?"

परत घेतलं. दर वेळी 'अहाहा', दर वेळी बादली. रंगाच्या आधी, पहाटे उठून मी त्या सगळ्या मंडळींसाठी मांड्यांची चळत करून ओल्या फडक्याखाली ठेवली होती. त्यांनी जळगावहून जेवणाची पाकिटं बांधून आणली होती. चळतीकडे कुणी फिरकलं नाही.

"मावशी, तुम्ही आता मागे थांबा," ऋचा म्हणाली. "मुलाखत घ्यायचीय. भांड्यांचा आवाज नको."

मी पडवीत जाऊन हातांना तेल लावून रंग घासत बसले. आतलं सगळं पडद्यातून ऐकू येत होतं.

"हर्षाली, हे मांडे तू कुणाकडून शिकलीस?" ओजस विचारत होता. केवढा मऊ आवाज.

"माईकडून. माझ्या आईकडून."

"आणि माई आज..."

हर्षाली थोडी थांबली. "माई नाही. मी बारावीत होते तेव्हा गेली. इथेच, चुलीजवळ. खापर तापलेलं होतं. शेवटचा मांडा तिने टाकला आणि म्हणाली, हर्षू, हा बघ, जळायला नको. आणि तशीच..."

ती रडायला लागली. पोटातून येतं तसलं रडणं. बाप गेला तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती.

मी पडदा बोटभर सरकवला. काउंटरमागच्या भिंतीवर, गणपतीच्या शेजारी, माझा फोटो टांगला होता. लग्नाआधी पाहुण्यांना दाखवायला काढलेला, दोन वेण्या, नितळ चेहरा. त्याला चंदनाचा हार घातला होता. खाली समई लावली होती.

"कट. सुंदर," ऋचा म्हणाली. "हर्षाली, एकदाच परत घेऊ? 'माई नाही'च्या आधी अजून थोडी थांब. घाई करू नकोस."

हर्षालीने नाक पुसलं, पाणी प्यायली. "आता बरोबर करते," म्हणाली. आणि तिने परत केलं. पुन्हा त्याच जागी थांबली, त्याच जागी रडली. दुसऱ्या वेळी मी अजून चांगली मेले.

चहाची वेळ झाली तेव्हा मी मागच्या बाजूने त्यांच्या गाडीपाशी गेले. माझ्या हातांवरचा रंग अर्धा निघाला होता, अर्धा तेलात कालवला जाऊन तसाच होता. ऋचा गाडीच्या पायरीवर बसली होती. ओजस आत पाय पसरून मोबाईल बघत होता.

"मॅडम, तुम्ही मोठी माणसं," मी म्हणाले. "हात रंगवले, मी काही बोलले नाही. पण जित्या माणसाला असं मारायचं नसतं. पोरीला असलं बोलायला लावलं तुम्ही. तिच्या तोंडून."

"काय बोलायला लावलं?"

"आई मेली म्हणून."

तिला कळेना. "मावशी, आम्ही काही बोलायला लावलं नाही. पहिल्या फोनलाच तिने सांगितलं होतं. तीच तर स्टोरी आहे. नुसत्या मांड्यांसाठी मुंबईहून एवढी गाडी कोण आणेल?"

पहिल्या फोनला. म्हणजे आखाजीच्या सणाआधी. म्हणजे तेव्हापासून ही पोर माझ्याशेजारी झोपत होती, माझ्या हातचं जेवत होती. सकाळपासून ही सगळी मला मावशी म्हणत होती, आणि मला वाटलं होतं मानाने म्हणतात.

ऋचाच्या कपाळावर आठी आली. "एक मिनिट. जित्या माणसाला म्हणजे? तुम्ही कोण आहात?"

ओजसने मोबाईल खाली ठेवला. "काय झालं?"

"या मावशी म्हणतायत, आई जिवंत आहे."

"वा!" तो उठून बसला. त्याचे डोळे चमकले. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला भूक लागल्यासारखं दिसलं. "मग तेच दाखवू ना. कॅमेरा काढ. जिवंत आईला हार घातला पोरीने, टीव्हीसाठी. महाराष्ट्र तिला फाडून खाईल. मांड्यांपेक्षा हे जास्त चालेल. कुठे आहे आई?"

मी मागे पाहिलं. हॉटेलच्या दारात हर्षाली उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तोंड पांढरंफटक पडलं होतं. ती मला काही खुणावत नव्हती, हात जोडत नव्हती. नुसती उभी होती, लहानपणी भांडं फोडल्यावर उभी राहायची तशी.

"मावशी, कुठे आहे तिची आई?" ओजसने पुन्हा विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "ती बाई माझ्या ओळखीची होती. म्हणून जिवाला लागलं. तोंडातून भलतंच गेलं."

"मग तुम्ही?"

"मी कामाला आहे इथे. मांडे करते."

त्याचा चेहरा पडला. त्याने मोबाईल पुन्हा उचलला. ऋचाने मात्र सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच तिला काहीतरी सुचलं.

"म्हणजे तुम्ही त्यांना ओळखत होता? मग दोन वाक्यं बोला ना त्यांच्याबद्दल. फार छान होईल."

"हिचा चेहरा नको हां," ओजस वर न बघता म्हणाला. "ओठावर पण आहे."

"नुसता आवाज घेऊ. फोटोवर टाकू."

माझ्या पदराला त्यांनी छोटा माइक लावला. गाडीच्या सावलीत उभी केली. कोणीतरी कॉलेजच्या पोरांना गप्प केलं.

मी म्हणाले, "सिंधू भारंबे नावाची बाई इथे मांडे करायची. तिचे मांडे कधी फाटले नाहीत. तिला एकच लेक. लेकीला तिने कधी चुलीजवळ येऊ दिलं नाही, हात भाजतील म्हणून."

"सुंदर," ऋचा म्हणाली. "फक्त शेवटचं बदलू या. 'लेकीला तिने सगळं शिकवलं' असं म्हणा. नाहीतर गोंधळ होईल."

"लेकीला तिने सगळं शिकवलं," मी म्हणाले.

गाड्या गेल्या तेव्हा ऊन उतरत होतं. बादली ते मागेच विसरून गेले होते. हर्षालीने ती उचलली, गटाराशी रिकामी केली, विसळली. मग टाकीपाशी माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या हातांवरचा उरलेला रंग फडक्याने काढायला लागली. मी हात ओढून घेतले.

"बोल काहीतरी," ती म्हणाली.

"काबरं केलंस व माय?"

"तुला माहीत नाही काबरं?" ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "मला बघायला पाहुणे येतात. चहा तू आणतेस. ते तुझे हात बघतात आणि कप तसाच ठेवून जातात. भुसावळच्या त्या बाईने काय केलं आठवतं? मुलीच्या अंगावर कुठे डाग आहे का बघायचंय म्हणाली. मला आत नेलं, परकर वर करायला लावला, पाठ, पोट, मांड्या, सगळं बघितलं. मी तुझ्याकडे बघत होते, माई. तू म्हणालीस, दाखव बाई, त्यात काय. दाखवलं मी. तरी नाही म्हणाले."

"म्हणून तू मला मारलंस?"

"मी मेलीस म्हटलं म्हणून तू थोडीच मेलीस? आहेसच की इथे." तिने फडकं पिळलं. "आई नसलेल्या मुलीचं लोक पटकन करतात. आई तुझ्यासारखी असली तर नाही करत. मी काय करू?"

मला तिला मारावंसं वाटलं, आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. मी दोन्हीतलं काही केलं नाही. आत जाऊन मांड्यांची ती चळत उचलली आणि रस्त्यापलीकडच्या गाईंना घातली.

कार्यक्रम टीव्हीवर लागला तो आम्ही दोघींनी मिळून पाहिला. माझा आवाज चांगला आला होता. त्यानंतर फोन थांबेनात. लांबलांबून गाड्या यायला लागल्या. लोक हर्षालीच्या डोक्यावर हात ठेवायचे, फोटोपुढे फूल ठेवायचे. मी पडद्याआड मांडे झोकत असायची. सावद्यातल्या लोकांना खरं ठाऊक होतं, आणि त्यांनी काही सोडलं नाही. आठवडे बाजारात एकीने चारचौघींत माझ्या दंडाला चिमटा काढला. "जिती आहे का व? का तुझं भूत आलंय भाजीला?" सगळ्या हसल्या.

त्यामुळे नाशकाहून एका माणसाने जागा देऊ केली तेव्हा हर्षालीने मागेपुढे पाहिलं नाही. आम्ही सावदा सोडलं. कॉलेज रोडला मोठं हॉटेल निघालं, दारावर पाटी लागली, 'सिंधुमाईचे मांडे'. मालकीण हर्षाली. मी तिथली मांडेवाली मावशी. वरच्या माळ्यावर मला खोली दिली होती. सगळे झोपायला जाईपर्यंत ती मला मावशी म्हणायची. पुढे पुढे सगळे झोपल्यावरही तेच तोंडात यायला लागलं.

जागामालकाचा मुलगा कल्पेश, त्याच्याशी तिचं जमलं. धुळ्याकडचे पाटील, आमच्या नात्यागोत्यातले नव्हते. त्यामुळे आमच्या गावाकडे कुणाला विचारायला जायची वाटच त्यांना नव्हती. पोर अनाथ आहे, असं समजून त्यांनी मानपान, देणंघेणं काही विचारलं नाही. हर्षू म्हणाली होती तसंच झालं. आई नसलेल्या मुलीचं लोकांनी पटकन केलं. कन्यादान त्यांच्याच ओळखीतल्या एका जोडप्याने केलं. मला साडी मिळाली. कामाच्या सगळ्याच बायकांना एकसारखी होती.

लग्नानंतरची पहिली आखाजी आली. खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात आणि त्याच दिवशी घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, विस्तवावर तूप आणि मांड्याचा घास टाकून त्यांना जेवू घालतात. त्याला आगारी म्हणतात. हर्षालीचा फोन आला. "मावशी, घरी मांडे करायला येशील का? आई म्हणतायत." आई म्हणजे तिची सासू.

सासूचं नाव कलाबाई. मी त्यांना लग्नात लांबून पाहिलं होतं. जवळून ती पहिलीच भेट. स्थूल, मोठ्या आवाजाची, मोकळी बाई. गच्चीवर चूल मांडून दिली होती. मी झोकत होते आणि त्या शेजारी पाटावर बसून बघत होत्या. मी सवयीने पदराखाली मनगटं झाकायला बघत होते, पण मांडा करताना झाकता येत नाही.

"मावशी, काय झाकता?" त्या एकदम म्हणाल्या. "कोड ना? माझ्या सासूला होतं. सगळ्या अंगभर. तिच्याच हातचं खाऊन आमचं घर वाढलं. कल्पेशला तर तिच्याशिवाय कुणाच्या हातचं चालायचं नाही."

हर्षाली जिन्याच्या दारात नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती. तिने ते ऐकलं. ताटातली वाटी कलंडली आणि आमरस पायरीवर सांडला.

"अगं, सांभाळून," कलाबाई म्हणाल्या. "राहू दे, पुसू नंतर. वेळ होतेय."

गच्चीच्या कोपऱ्यात घागरी मांडल्या होत्या. एक कलाबाईंच्या सासऱ्यांची, एक सासूची. तिसरी नवी, लाल, तिच्यावर खरबूज ठेवलेलं.

"ही हिच्या माईची," कलाबाई मला म्हणाल्या. "माहेरचं माणूस आमच्याकडे पुजत नाहीत. पण हिला बाप नाही, भाऊ नाही. त्या बाईला कोण पाणी घालणार? मी म्हटलं, आपण घालू. आणि मांडे तिच्या गावच्या बाईने केलेले असावेत. खरं ना?"

"खरं आहे," मी म्हणाले.

कल्पेशने पाटावर बसून विस्तवावर तूप सोडलं. धूर उठला. त्याने आजोबांचं नाव घेतलं, आजीचं घेतलं. मग बायकोकडे पाहिलं.

"हर्षाली, तू घे आईचं नाव," कलाबाई म्हणाल्या.

हर्षालीने पदराने डोळे टिपले.

"रडू नकोस पोरी. पूर्ण नाव घे. त्याशिवाय पोचत नाही."

"सिंधू," हर्षाली म्हणाली. मग म्हणाली, "सिंधू भागवत भारंबे."

मी नुकताच केलेला मांडा कल्पेशने मोडला आणि त्याचा घास माझ्या नावाने विस्तवात टाकला. कलाबाईंनी माझ्याकडे मान वळवली.

"मावशी, तुम्हीही जोडा हात. तुमच्या ओळखीची होती ना?"

मी पिठाचे हात जोडले. कलाबाई, कल्पेश, हर्षाली, सगळ्यांनी डोळे मिटले होते. मी उघडेच ठेवले. कलाबाईंनी उघडले, कल्पेशने उघडले. हर्षालीचे मिटलेलेच होते.

"खापर जळतंय मावशी," कलाबाई म्हणाल्या, आणि मी पुढचा गोळा हातावर घेतला.